रविवारचे तीन तास पायी चालणाऱ्यांना द्या

मा. आयुक्त,
पुणे महानगरपालिका, यांस,



पत्र लांबणार आहे, मागणे मात्र लहान आहे. म्हणून ते आधीच सांगून टाकते. दर रविवारी सकाळी सहा ते नऊ या वेळात, कसबा गणपतीपासून मंडईपर्यंतच्या आतल्या गल्ल्यांतून गाड्यांची ये-जा बंद असावी. बस्स. नवे काही बांधू नका, जुने काही रंगवू नका, फीत कापायला कुणाला बोलावू नका. शिवाजी रस्ता आणि बाजीराव रस्ता नेहमीसारखे चालू राहू देत. पीएमपीची बस, रुग्णवाहिका, दुधाचा टेम्पो, पेपर टाकणारी पोरे यांना कुणी अडवू नये. बाकीच्यांनी तीन तास गाडी लांब लावून चालत यावे, एवढीच विनंती.

मी शुक्रवार पेठेत राहते. सकाळी फिरायला जाणाऱ्यांची पुण्यात दोन घराणी आहेत, टेकडीवाले आणि बागवाले. पर्वतीच्या १०३ पायऱ्या पंचाहत्तरीतही न थांबता चढणारी माणसे आमच्या ओळखीत आहेत आणि ती ते दिवसातून दोनदा तरी ऐकवतात. मी या दोन्ही घराण्यांतली नाही. मला पेठांतून चालायला आवडते, तेही उजाडता उजाडता. कारण साधे आहे. दहा वाजल्यानंतर या भागात माणसाला मान वर करता येत नाही. डोळे सतत जमिनीकडे आणि कान मागच्या हॉर्नकडे. आणि बघण्यासारखे जे काही आहे ते नेमके दुकानांच्या पाट्यांच्या वर आहे. लाकडी सज्जे, महिरपी, केळफुलाची नक्षी, एखाद्या कोनाड्यात राहून गेलेला गणपती, थोरामोठ्यांच्या घरांवर लावलेले निळे फलक. हे सगळे दिवसभर जागच्या जागी असते, पण त्याकडे बघायला थांबाल तर मागून शिव्या पडतील. सकाळी सहाला थांबता येते. इतकाच फरक आहे, पण सगळा फरक तोच आहे.

कसबा गणपतीपासून सुरुवात करू. जिजाऊंच्या नावाशी जोडलेले हे ग्रामदैवत. पुण्यातल्या लग्नाची पहिली अक्षत अजूनही इथे येते. पहाटे देऊळ उघडलेले असते, घंटा वाजत असते, दाराशी हार-दुर्वावाल्या बायका बसलेल्या असतात. जवळच्या लाल महालाकडे फारसे वळू नये, ती इमारत पालिकेनेच अलीकडे बांधलेली आहे, मूळ महाल कधीच गेला. त्याऐवजी नागझरी ओलांडून सोमवार पेठेत जावे. नागझरीला आता सगळे नालाच म्हणतात आणि वासावरून ते खोटेही नाही. पण एके काळी हा वाहता ओढा गावाची हद्द होता, हे पुलावर उभे राहिल्याशिवाय ध्यानात येत नाही. वरून गाड्या जात असल्या की तिथे उभे राहायची सोय नाही.

पलीकडे त्रिशुंड गणपतीचे देऊळ आहे. पुण्यात जन्म काढलेल्या कितीतरी माणसांनी ते पाहिलेले नाही, याचे मला नेहमी नवल वाटते. १७५४ मध्ये भीमगीरजी गोसावींनी काम सुरू केले, १७७० मध्ये देव बसला. तीन सोंडांचा, मोरावर बसलेला गणपती. गाभाऱ्याच्या भिंतीवर तीन शिलालेख आहेत, दोन संस्कृत आणि एक फारसी. मात्र घाई नसेल तर आधी बाहेरच उभे राहावे आणि काळ्या पाषाणाची दर्शनी भिंत खालपासून वाचत जावी. द्वारपाल, हत्ती, मोर, आणि मग एका पट्टीत साखळदंडाने जखडलेला गेंडा, त्याच्याभोवती परदेशी पोशाखातले शिपाई. गेंडा म्हणजे बंगाल, आणि प्लासीची लढाई १७५७ ची. बंगालात इंग्रजांनी काय केले याची बातमी पुण्याच्या पाथरवटापर्यंत पोहोचली आणि त्याने ती दगडात घातली, असा अर्थ अभ्यासक लावतात. तो खरा धरला तर पेठेतल्या एका गल्लीत, चालता चालता हात लावता येईल अशा उंचीवर, अठराव्या शतकातले राजकीय व्यंगचित्र आपल्याकडे आहे. आणि त्याच्यासमोर दिवसभर काय असते? स्कूटर.

गेंड्याची गोष्ट इथे संपत नाही. १७९० मध्ये पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या खऱ्या गेंड्याचे चित्र पुण्यातल्या एका माणसाने काढले. त्याचे नाव गंगाराम तांबट. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी तो काम करी. वेरूळची लेणीही त्याने चितारली. ते गेंड्याचे चित्र आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. गंगारामच्या जातभाईंची वस्ती मात्र इथेच, चालत काही मिनिटांवर, कसब्यातल्या तांबट आळीत आहे.

तांबट आळीत थोडे उशिरा पोहोचावे, कामाला हात लागल्यावर. आवाज आधी येतो. ठण् ठण् ठण्, मध्येच एक हलका, मग पुन्हा तीन. कारागीर जमिनीवर मांडी ठोकून बसलेला असतो, समोर रोवलेल्या लोखंडी दांड्यावर तांब्याचे भांडे पालथे घातलेले. डावा हात भांडे किंचित फिरवतो, उजवा हातोडा घालतो. पुन्हा किंचित, पुन्हा हातोडा. एकाला चिकटून एक असे ठोके पडत जातात आणि गुळगुळीत पत्र्यावर चकाकणाऱ्या खवल्यांची ओळ उठते. याला मठारणे म्हणतात. शोभेसाठी नव्हे, ठोक्यांनी मऊ तांबे टणक होते, भांडे चेपत नाही. एक ठोका चुकीचा पडला तर ओळ वाकडी जाते आणि ती लपवता येत नाही. गंगारामाचा हात असाच बसला असणार, असे तिथे उभे राहिले की वाटते. मला वाटते एवढेच. पुरावा मागू नये.

आळीत आता घरे थोडी आणि काम त्याहून थोडे. स्टीलने मारले, मग प्लॅस्टिकने. मध्यंतरी तांब्याच्या बाटल्यांची फॅशन आली म्हणून काहींना बरे दिवस आले. रविवारी सकाळी माणसे इथून चालत जाऊ लागली तर चार भांडी जागेवर विकली जातील. पालिकेला यात एक रुपया घालावा लागणार नाही.

शनिवारवाड्याविषयी फार लिहीत नाही. १० जानेवारी १७३० चा पायाभरणीचा दिवस, १८२८ ची आग, हे चौथीतल्या मुलालाही येते. सकाळी त्याचे दार बंद असते आणि मला वाटते तेच बरे, कारण दार बंद असले की दाराकडे लक्ष जाते. दिल्ली दरवाज्याच्या फळ्यांवरचे अणकुचीदार खिळे हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर आहेत. ते बघून पुढे व्हावे.

मग बुधवार पेठ. इथे मला पाण्याविषयी सांगायचे आहे, कारण आपण ज्या शहराचे नळ सांभाळता त्याचे पहिले नळ जमिनीखालून आले होते. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तिथले पाणी बंदिस्त पाटाने, केवळ उताराच्या जोरावर, शहरात आणले. वाटेत हवा खेळती राहावी म्हणून उच्छ्वास ठेवले आणि पेठापेठांत हौद बांधले. काळा हौद, फडके हौद, सदाशिव पेठ हौद. त्यांतले काही आता नुसती चौकांची नावे म्हणून उरलेत. रिक्षावाला 'फडके हौद' म्हटल्यावर बरोबर आणून सोडतो आणि हौद विचाराल तर तोंडाकडे बघतो. बुधवार पेठेतला बाहुलीचा हौद नंतरचा, इंग्रजी अमलातला. जोतीराव फुल्यांचे स्नेही आणि सत्यशोधक डॉ. विश्राम रामजी घोले यांनी तो आपल्या काशी नावाच्या लहान मुलीच्या आठवणीसाठी बांधला. मुलीला शिकवतो म्हणून नातलगांतल्याच कुणी काच घातलेला लाडू तिला खायला दिला, अशी गोष्ट सांगितली जाते. घोले रस्त्यावरून रोज हजारो माणसे जातात. हा हौद ज्यांनी पाहिला असे त्यांत किती निघतील?

आणि तिथून जवळच भिडे वाडा. होता, म्हणायला हवे. १ जानेवारी १८४८ रोजी जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा जिथे काढली तो वाडा कोर्टकचेरीत वर्षानुवर्षे झिजला आणि डिसेंबर २०२३ मध्ये उतरवला गेला. तिथे राष्ट्रीय स्मारक होणार हे चांगलेच आहे. पण त्या जागेसमोर सकाळी उभे राहिले की मला इमारतीपेक्षा रस्ता आठवतो. सावित्रीबाई शाळेला चालत येत. लोक अंगावर शेण आणि चिखल टाकत, म्हणून त्या पिशवीत दुसरे लुगडे ठेवत, हे आपण शाळेत शिकलो. म्हणजे या देशातल्या स्त्रीशिक्षणाची एक मोठी सुरुवात एका बाईच्या सकाळच्या पायी चालण्यातून झाली, आणि ते चालणे याच पेठांत झाले. आज त्याच पेठांतून शाळकरी मुलगी चालत जाऊ लागली तर शेण कुणी मारणार नाही. तिला फक्त फूटपाथ मिळणार नाही. स्मारक भव्य होईलच. त्याच्या दारापर्यंत चालत जाता येईल अशी वाट हा त्या स्मारकाचाच भाग धरावा, असे मला वाटते.

समोर दगडूशेठ गणपतीला सहाच्या सुमारासच गर्दी असते, तो भाग सोडून बेलबाग चौकातून तुळशीबागेत शिरावे. तुळशीबाग म्हणजे कानातले, पिना, पोळपाट आणि घासाघीस, हे दुपारचे खरे. सकाळी तिथे चक्क देऊळ सापडते! खासगीवाल्यांची तुळशीची बाग होती. नारो आप्पाजी खिरे यांनी त्या जागेवर रामाचे देऊळ उभारले आणि तेच पुढे तुळशीबागवाले झाले. दुकानांच्या लोखंडी पेट्या बंद, वर ताडपत्र्या गुंडाळलेल्या, आणि मधून सरळ आत नजर जाते: नगारखान्याचे दार, फरसबंद चौक, लाकडी सभामंडप, वर नक्षीदार शिखर. दुपारी हेच दार शोधायला बांगड्यांच्या हारांखालून वाकून जावे लागते. बाजार हलवा असे मी मुळीच म्हणत नाही. देवळाच्या ओवरीला टेकून दुकान मांडणे ही पुण्याची जुनीच रीत आहे आणि ते बाजार नसते तर देऊळही ओस पडले असते. दोघांनाही आपापली वेळ असावी, इतकेच.

आणि मंडई. ही अष्टकोनी दगडी इमारत गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या हस्ते १८८६ मध्ये उघडली, तेव्हा तिचे नाव रे मार्केट होते. नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी या बांधकामावरच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाला लावा, असे त्यांचे म्हणणे. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने मंडईला नाव दिले गेले ते फुल्यांचेच. ज्याने इमारतीच्या विरोधात मत दिले त्याचेच नाव इमारतीला, असा प्रकार फक्त पुण्यात घडू शकतो. सकाळी साडेसहाला मंडईत जावे. घाऊक बाजार गुलटेकडीला गेला तरी गाळ्यांवर भाजी रचणे बघण्यासारखे असते. एक बाई मेथीच्या जुड्या उलट्या सुलट्या लावते, म्हणजे ढीग ढासळत नाही. वर पाणी शिंपडते ते हाताने नाही, भिजवलेल्या फडक्याने. भवानीची वेळ असते, भाव करू नये. आणि मान वर करावी. छपराखालची ती उंची आणि वरच्या झरोक्यांतून उतरणारा उजेड दिवसा गर्दीत दिसत नाही.

आयुक्त महोदय, एक जागा खास आपल्यासाठी राखून ठेवली आहे. बाजीराव रस्त्यावरचा विश्रामबाग वाडा. दुसऱ्या बाजीरावाने तो राहण्यासाठी बांधला. १८२१ मध्ये इंग्रजांनी तिथे संस्कृत पाठशाळा काढली, तिचेच पुढे डेक्कन कॉलेज झाले. आणि आजच्या इमारतीत जाण्याआधी पालिकेचा कारभार बरीच वर्षे याच वाड्यातून चालत असे. म्हणजे ते आपल्या खुर्चीचे माहेर. सुरूच्या आकाराचे खांब आणि पुढे आलेला लाकडी सज्जा समोरच्या बाजूने नीट दिसतो. रस्ता मोकळा असताना पलीकडे उभे राहून बघा, कारण एरवी मधून बस जात असते.

आता कुणी म्हणेल, हे पेशवाईचे गोडवे झाले. मला वाड्यांचा तसा कळवळा नाही. वाड्यात वाढलेल्या माणसाला तो कमीच असतो. चाळीस माणसांत एक संडास, पावसाळ्यात कडीपाटातून गळणारी माती, मालक दुरुस्ती करेना आणि भाडेकरू सोडेना, भाडे मात्र आजोबांच्या काळचे, हे मी आत राहून पाहिले आहे. वाडा पाडून लोकांना नळ, लिफ्ट आणि स्वतःचे दार मिळाले तर वाईट काय झाले? १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठांतले शेकडो वाडे मातीसारखे विरघळले आणि त्यातून शहर पुन्हा उभे राहिले. शहर बदलणारच. जे उरले आहे ते निदान दिसावे, एवढेच मी मागते आहे. दिसले तर लोक त्याच्याविषयी बोलतील, भांडतील. पुणेकर भांडायला लागला की निम्मे जतन आपोआप होते.

अडचणी मला ठाऊक आहेत. सगळ्यात मोठी आम्हीच. पेठेतल्या रहिवाशांच्या गाड्या रात्रभर गल्लीतच उभ्या असतात आणि रविवारी सकाळी त्या काढा म्हटले तर आम्ही मोर्चा आणू. म्हणून गाड्या हलवण्याचे नावच काढू नये. धावत्या गाड्या तेवढ्या थांबाव्यात. ज्याला आपली गाडी शनिवारी रात्री स्वखुशीने पालिकेच्या वाहनतळावर लावायची असेल त्याला त्या रात्रीचे पैसे माफ करा. हळूहळू लावतील. कुणी लावली नाही तरी बिघडत नाही. वाहतूक पोलिसांची संमती लागेल, ती मागावी लागेल. दुकानदार घाबरतील, पण नऊच्या आत पेठेत दुकान उघडते कोण? आम्ही तर दुपारीही एक ते चार बंद ठेवणारे लोक.

याला आधारही तुमच्याच घरातला आहे. २०१६ मध्ये पालिकेने पादचारी धोरण मंजूर केले. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता एक दिवस गाड्यांविना ठेवून पादचारी दिन साजरा होतो. त्या दिवशी मुले रस्त्यावर खडूने चित्रे काढतात, आजोबा मधोमध खुर्ची टाकून बसतात, मंडप असतो, भाषणे असतात. छानच. पण वर्षातून एकदा सण करण्यापेक्षा आठवड्यातून एकदा गुपचूप केलेले काम मला अधिक पटते. अहमदाबादच्या महापालिकेने १९९७ मध्ये काळूपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंत सकाळची वारसा फेरी सुरू केली, पोळ नावाच्या जुन्या वस्त्यांमधून, पायी. बसवलेली वाट, रोजची वेळ, माहिती सांगणारा माणूस. २०१७ मध्ये ते शहर जागतिक वारसा यादीत गेले. फेरीमुळे गेले असे म्हणणार नाही. पण वीस वर्षे लोक रोज सकाळी त्या भिंतींसमोर उभे राहत होते, ते काही वाया गेले नसेल.

शिवाय आता मेट्रो आहे. सप्टेंबर २०२४ पासून कसबा पेठ आणि मंडई ही दोन्ही स्थानके जमिनीखाली सुरू आहेत. एका ठिकाणी उतरावे, दुसऱ्या ठिकाणी चढावे. मधले सगळे चालत. कोथरूड, पिंपरीच्या माणसाला गाडी घेऊन यायचे कारण उरले नाही.

एकच गोष्ट पालिकेने नक्की करावी. या वाटेवरची बायकांची स्वच्छतागृहे रविवारी सकाळी सहाला उघडी, धुतलेली आणि पाणी असलेली हवीत. फेरीला निघालेल्या बाईची चाल इतिहासाने ठरत नाही, याने ठरते. बाकी दिशादर्शक बाण, सेल्फीची जागा, पेशवाई दिव्यांचे खांब, 'आय लव्ह पुणे' यातले काहीही नको. पत्ता विचारायला सकाळी माणसे असतात. जिलब्या मारुती, पासोड्या विठोबा, उपाशी विठोबा यांच्या खुणेने पुणेकर कुणालाही कुठेही पोहोचवतो, वर दोन टोमणे फुकट.

आधी आपण स्वतः एकदा येऊन बघावे, ही विनंती. कुठल्याही रविवारी. सहाच्या सुमारास मेट्रो सुरू होते, कसबा पेठला उतरा. मी गणपतीपाशी असेन. सोबत पथ विभागाचे एक अभियंता आणा, छायाचित्रकार नको. अभियंत्यांना मोजायची टेप घेऊन यायला सांगा. फडके हौदापासून तुळशीबागेपर्यंत फूटपाथची रुंदी जिथे जिथे दोन माणसांना शेजारी चालण्याएवढीही नाही त्या जागा मी खडूने आखून ठेवते, आपण मोजून घेऊ. चहा मंडईत, माझ्याकडून.

कळावे,

आपली,
शुक्रवार पेठेतील एक रहिवासी